मांडीवरचं बोलणं

माइक मी चुकीचा निवडला. कोणी मला फसवलं नव्हतं, घाई नव्हती, दुकानात दुसरा नव्हता असंही नाही. दोन्ही माझ्यासमोर होते, दोन्ही घरी आणून वाजवून पाहिले होते, आणि मग नीट विचार करून मी तो घेतला ज्यात मागे बसलेल्या बाईचा आवाज येणार नव्हता. तेव्हा मला वाटलं होतं, मी गोंगाट टाळतोय.

भात पिवळं पडू लागलं की हे दर वर्षी आठवतं. दिवाळीच्या आगेमागे आमच्या डहाणूची हवा चमत्कारिक होते. दुपारी कपाळ भाजतं आणि पहाटे पायाशी पडलेली चादर ओढून घ्यावी लागते. मसोलीतल्या आमच्या गल्लीत समुद्राकडून सुक्या मासळीचा वास येतो, आणि रानशेतच्या बाजूने गवताचे भारे भरलेले टेम्पो यायला लागले की त्या वासावर वाळल्या गवताचा वास येऊन बसतो. टेम्पो वळणावर झाडांना घासून जातात. फांद्यांना गवताच्या दाढ्या लोंबत राहतात, पुढचा पाऊस येईपर्यंत. येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्यात काही दिसत नसेल. मला तलासरीपुढचं एक खळं दिसतं, अर्धवट झोडलेलं भात दिसतं आणि डालग्याखाली झाकलेला एक कोंबडा दिसतो. तो मीच झाकायला सांगितला होता.

मी डहाणूतल्या एका लहानशा संस्थेत काम करतो. शाळा, मुलं, पालक यांच्याबद्दल माहिती गोळा करायची, लोकांशी बोलायचं, बोललेलं लिहून वर पाठवायचं, असं ते काम. त्या सुगीत एक प्रश्न निघाला होता. तलासरीच्या पुढे डोंगराच्या अंगाला एक पाडा आहे. तिथे चौथीपर्यंतची छोटी शाळा होती. ती बंद करून मुलांना ओहोळापलीकडच्या गावच्या मोठ्या शाळेत घालावं का, असं चाललं होतं. निर्णय वर व्हायचा होता, पण त्याआधी पाड्याचं म्हणणं शब्दन्‌शब्द हवं होतं. म्हणजे लोकांना एकत्र बसवून चर्चा घ्यायची, ती ध्वनिमुद्रित करायची आणि मग ऐकून कागदावर उतरवायची. चर्चा घेणार मी. उतरवून देणार मेधाताई. त्यांचे यजमान रेल्वेत आहेत, आणि त्या सरावलीला घरी बसून हे काम करतात. कानाला हेडफोन, समोर कॉम्प्युटर, शेजारी निवत चाललेला चहा.

आदल्या वेळची चर्चा मी फोनवर घेतली होती. फोन पाटावर ठेवला होता आणि पाट उखळाशेजारी होता. मेधाताईंनी जे उतरवून दिलं त्यात ओळीआड 'अस्पष्ट' होतं. आमच्या वरिष्ठांनी ते बैठकीत वाचून दाखवलं. "पालकांचं म्हणणं आहे की, अस्पष्ट. यावर शिक्षक म्हणाले, अस्पष्ट." सगळे हसले. मीही हसलो. पण तो शब्द माझ्या अंगाला चिकटला. पुढच्या वेळी असा कागद द्यायचा की त्यात तो शब्द एकदाही येता कामा नये, हे मी मनाशी पक्कं केलं. पाड्यावरच्या मुलांचा विचार माझ्या मनात त्यानंतर आला. हा क्रमही सांगायला हवा.

मेधाताईंनीही बजावलं होतं. "सर, एका वेळी एकच आवाज द्या हो. मागच्या वेळी ते उखळ ऐकून ऐकून माझं डोकं उठलं होतं. झोपेतसुद्धा धप-धप ऐकू येत होतं."

स्टेशनजवळच्या दुकानातले शेठ गुजराती आणि मराठीच्या मधल्या कुठल्यातरी वाटेवरून बोलतात. त्यांनी काउंटरवर दोन खोकी उघडली. एकात ताटलीएवढा गोल माइक. दुसऱ्यात चार छोटे चिमटे असलेले माइक, बिनवायरचे.

"साहेब, हा गोल पीस जुओ, बघा. मधी ठेवायचा. चारे बाजूचं खेचेल. वीस माणसं बसू दे."

"आजूबाजूचा आवाज?"

"तो तर येणार ना. आमां तो कूतरुं पण बोलशे, गल्लीतला कुत्रा पण." स्वतःच्याच बोलण्यावर शेठ हसले. मग चिमटा उचलून त्यांनी आपल्या शर्टाला लावला. "अने हा बीजो, कॉलरचा. ज्याला लावला तोच बोलेल. बाकी दुनिया बंद."

बाकी दुनिया बंद. मला ते फार आवडलं. तरी शेठ ओळखीचे असल्यामुळे दोन्ही खोकी एका रात्रीपुरती घरी न्यायची परवानगी मिळवली.

घरी जेवणाच्या टेबलावर गोल माइक मांडला आणि आकडे मोजत बसलो. आतून कुकरच्या शिट्या, वरती पंखा, गल्लीत कोणाची तरी स्कूटर. आणि स्वयंपाकघरातून नीलिमाचा, माझ्या बायकोचा आवाज. "सई, विचार तुझ्या बाबांना, जेवायचंय की तो माइकच खायचाय?"

सई तेव्हा बारावीला होती. पुस्तकातून डोकं वर न काढता ती म्हणाली, "बाबा, आई विचारतेय..."

"ऐकलं मी."

मग कॉलरचा माइक लावून परत तेच. शिट्या झाल्या, पंखा फिरला, नीलिमाने दुसऱ्यांदा तेच विचारलं, या वेळी जरा चढ्या आवाजात, आणि मी पुन्हा म्हणालो, "ऐकलं मी." दोन्ही मुद्रणं लावून पाहिली. पहिल्यात आमचं सगळं घर होतं. दुसऱ्यात फक्त मी. काचेसारखा स्वच्छ आवाज. एक, दोन, तीन, चार, आणि मध्येच, कोणी काही विचारलेलं नसताना, "ऐकलं मी."

मला त्यात काही खटकलं नाही. गोल माइक सकाळी परत केला.

हे असं, मुलाच्या तोंडून मोठ्या माणसाशी बोलणं मला नवीन नव्हतं. मी त्यातच वाढलो. वडील रेल्वेत होते, क्वार्टरमध्ये आम्ही पाच माणसं. आजोबा पुढच्या खोलीत, आई आत. आईने आजोबांशी थेट बोललेलं एकही वाक्य मला आठवत नाही. "सांग रे आजोबांना, औषध संपत आलंय." "विचार आजोबांना, डोळ्यांच्या डॉक्टरकडे कधी जायचंय ते." आजोबा समोरच बसलेले असत, त्यांना सगळं ऐकू येत असे, आणि तरी मी ते वाक्य दोन पावलं नेऊन त्यांच्यापुढे ठेवायचं. उत्तरही माझ्याच हातात मिळायचं. कधी आईला खूप राग आलेला असे. तेव्हा ती मला मांडीवर घेऊन माझे केस विंचरत जे बोलायची, त्यातला एक शब्दही माझ्यासाठी नसायचा. माझ्या डोक्यावरून तो पुढच्या खोलीत जायचा. आणि थोड्या वेळाने आजोबा वडिलांना म्हणायचे, "घरात असं म्हणणं दिसतंय." तेवढ्यावर गोष्टी बदलायच्या. शाळेची फी भरली जायची. मामाकडे जायचं ठरायचं.

मोठेपणी मला उमगलं की मुलाशी बोलण्यात एक सोय असते. बोललेलं ऐकायचं असेल त्याने ऐकावं. नसेल ऐकायचं, तर बाई मुलाशीच तर बोलत होती. कोणाचा मान जात नाही, कोणाला तोंडावर नाही म्हणावं लागत नाही. बोलणारी ती सोय ऐकणाऱ्याला देते, आपण होऊन, मोठ्या मनाने देते.

त्या सोयीचा मी फायदा घेतला.

चर्चा सोमादादांच्या ओटीवर ठरली होती. सोमादादा म्हणजे पाड्यावरचे जुने, मानाचे शेतकरी. त्यांच्या शब्दाला वजन. मी पोचलो तेव्हा खळ्यावर झोडणी चालू होती. भाताची पेंडी डोक्यावरून मागे नेऊन फळीवर आपटायची, दाणे उडायचे, पेंढा बाजूला पडायचा. बायका, पुरुष सगळे त्यात. हात चालू आणि तोंडंही चालू. एकमेकांची थट्टा, हसणं, कोणाचं तरी अर्ध्यात उचललेलं वाक्य दुसरीने पुरं करणं. मी मोटरसायकल लावली आणि पहिली गोष्ट काय केली, तर झोडणी थांबवायला सांगितली. मग कोंबड्यावर डालगं टाकायला सांगितलं. मग बायकांना म्हटलं, जरा मागे बसा, गर्दी नको.

चार माइक चार जणांना लावायचे होते. शाळा समितीचा अध्यक्ष, टेम्पो चालवणारा एक तरुण, बचत गटाच्या बाई आणि सोमादादा. सोमादादा उघडेच होते, खांद्यावर टॉवेल. मी चिमटा हातात घेऊन घुटमळलो.

"आमाला कॉलर कुठं सायब?" ते म्हणाले. "गळ्यात बांधता का, बैलाच्या घुंगरागत?"

"दादा, खोटं बोललास का वाजंल ती," टेम्पोवाला म्हणाला, आणि सगळं खळं हसलं. मी तो टॉवेलाला लावला. दादांनी टॉवेल असा जपून धरला की जणू त्यात तान्हं मूल झोपलंय.

मी नियम सांगितले. एका वेळी एकानेच बोलायचं. बोलताना माझ्याकडे बघायचं, मागे वळायचं नाही. ज्याला माइक आहे त्यानेच बोलायचं.

अध्यक्ष म्हणाले, मोठी शाळा चांगली. टेम्पोवाला म्हणाला, तिकडे कॉम्प्युटर आहे. बचत गटाच्या बाईंनी माइककडे पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "दादा म्हनतील तं." सोमादादांनी सावकाश सांगितलं की शिकायला मोठी शाळा बरी, मास्तरही जास्त असतात. मग ते थांबले. त्यांचं बोलणं संपलं नव्हतं, हे आज मला कळतं.

त्यांच्या मागे, दाराच्या चौकटीला टेकून त्यांची सून बसली होती. रमिला. मांडीवर तिची धाकटी, जिला सगळे बारकी म्हणत. थोरली वनिता तिसरीत होती आणि कुडाच्या भिंतीशी उभी राहून माझ्या माइकच्या खोक्याकडे बघत होती. सोमादादा थांबले त्या शांततेत रमिला बोलू लागली. खाली बघून, बारकीच्या पायातला काळा दोरा फिरवत. तिची बोली माझ्या कानात राहिली तशी लिहितोय. तिच्या तोंडी ती याहून गोड होती.

"बारके, तुला नाय गो धाडायची मी त्या शाळंला. ताईला पन नाय. भाताच्या आवणीचे दिस आले का आई नि बा शेतात. ओहोळाला ही एवढं पानी. पल्याड नेल कोन नि आनल कोन? हितं शाळा अंगनात हाय म्हनून ताई शिकते. तिकडं गेली का सुटली तिची शाळा. आई सांगते ती आयक."

बारकी तोंडात मूठ घालून बसली होती. सोमादादांची नजर खांद्यावरच्या माइकवर गेली, मग माझ्यावर आली. मी मान हलवली, कागद उलटला आणि पुढचा प्रश्न विचारला.

इथवर जे लिहिलं ते खरं आहे, पण पुरं नाही. माझी चूक माइक निवडण्याची होती असं मी ही तीन वर्षं स्वतःला सांगत आलो. लेखाची सुरुवातही मी तशीच केली, कारण ती चूक उच्चारायला सोपी आहे. माणूस वस्तू चुकीची निवडतो, त्यात काय.

पण माइकने ते घेतलं होतं.

चार-पाच दिवसांनी मेधाताईंचा फोन आला. "सर, ते सोमादादा आहेत ना, त्यांच्या आवाजामागे एक बाई बोलतेय. पुसट आहे, पण शब्द लागताहेत. घेऊ का?"

"काय बोलतेय?" मी विचारलं. मला माहीत असताना विचारलं.

"लहान मुलीशी बोलतेय. म्हणजे, शाळेचंच आहे. पण बाळाशी."

"बाळाशी बोललेलं आपण घेत नाही ना, मेधाताई."

"तसं नाही घेत. पण मला वाटलं विचारावं."

"नको. विषयाशी संबंध नाही."

का म्हणालो असेन? ते बोलणं घेतलं असतं तर पाड्यावर परत जावं लागलं असतं. बायकांना वेगळं बसवावं लागलं असतं. कागद पुन्हा उघडावा लागला असता, आणि मला तो मिटवायचा होता. किती स्वच्छ कागद झाला होता तो. चार माणसं, चार आवाज, एकही 'अस्पष्ट' नाही. शेवटी मी माझ्या हाताने वाक्य लिहिलं: चर्चेत कोणीही विरोध दर्शवला नाही. वरिष्ठांनी पाठ थोपटली. जून महिन्यात पाड्यावरची शाळा बंद झाली.

मी माझ्या आईच्या मांडीवर बसून ही भाषा शिकलेला माणूस. मेधाताईंना ती बाई बाळाशी बोलतेय असं वाटणं मी समजू शकतो. मला तसं वाटणं शक्यच नव्हतं.

त्यानंतर तीन पावसाळे गेले. यंदा गवत कापायच्या दिवसांत दुसऱ्या कामासाठी तलासरीकडे गेलो होतो. रस्त्याकडेला गवताच्या गंज्या रचलेल्या होत्या, टेम्पो भरत होते, आणि मी चहाच्या टपरीवर उभा होतो. डोक्यावर भारा घेतलेली एक मुलगी समोरून आली. भारा एवढा की तिचा चेहरा दिसत नव्हता. चालणारं गवतच वाटत होतं. भारा टाकून तिने मान मोकळी केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही ते टॉवेलाला माइक लावनारे सर ना?"

वनिता होती. उंच झाली होती. केसांत गवताची काडी.

"आजा अजून सांगतो सगल्यांना," ती हसत म्हणाली. "म्हनतो, सायबानं मला घुंगरू बांधलं."

"कितवीत आहेस आता?"

"नाय जात."

"का गं?"

"लांब हाय." कोणी वेळ विचारावी आणि सांगावी तसं तिने सांगितलं. "गेली थोडे दिस. मंग ओहोळ आला. मंग आवणी. मंग मास्तर म्हनले, लय खाडे झाले."

मी घरच्यांची चौकशी केली.

"बरे हायत. आजाला कमी आयकू येतं. आई आजाशी बोलत नाय."

"ती आधी तरी कुठे बोलायची?" मी उगाच हलकं बोलायला गेलो.

वनिताने माझ्याकडे नीट पाहिलं. "आधी माझ्या तोंडून बोलायची. बारकीच्या तोंडून बोलायची. आता कोनाच्याच तोंडून नाय."

"कधीपासून?"

"शाळा गेली तवापासून. आई म्हनते, आजानं आयकलं नि टाकून दिलं." कोणीतरी हाक मारली. तिने डोक्यावर ठेवायची चुंबळ उचलली आणि पुढच्या भाऱ्याकडे गेली.

चहा माझ्या हातात तसाच होता. मी एका मुलीची शाळा बुडवली हे मला आत कुठेतरी माहीत होतं, जसं दाढेत काहीतरी आहे हे जिभेला माहीत असतं. पण एका घरातली बोलण्याची वाटच मी बुजवून ठेवली होती, आणि तिचा दोष एका म्हाताऱ्याच्या माथी गेला होता, हे मला तेव्हा कळलं.

त्या संध्याकाळी घरी कॉम्प्युटर उघडला. जुन्या मुद्रणांमध्ये जेवणाच्या टेबलावरची ती चाचणी अजून होती, गोल माइकची. कुकरच्या शिट्या, पंखा, आणि मग, "सई, विचार तुझ्या बाबांना, जेवायचंय की तो माइकच खायचाय?"

नीलिमा हात पुसत बाहेर आली. "कोण हो बोलतंय?" मग स्वतःचाच आवाज ओळखून हसली. सई आता पुण्याला असते. घरात आम्ही दोघंच. मधलं माणूस नसल्यामुळे नीलिमा हल्ली एकतर माझ्याशी सरळ बोलते, नाहीतर कढईशी.

"तुम्हाला कळायचं ना, मी तुमच्याशीच बोलतेय ते?" तिने विचारलं.

"कळायचं."

"मग उठायचा का नाहीत?"

मी तिला सगळं सांगितलं. पाडा, टॉवेल, मेधाताईंचा फोन. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या, तुम्ही एकट्याने थोडीच शाळा बंद केली. ती तसं म्हणाली नाही. ताट वाढताना म्हणाली, "मला सांगून काय उपयोग. तिला जाऊन सांगा."

आधी मेधाताईंकडे गेलो. मूळ मुद्रण त्यांच्याकडून पुन्हा ऐकून घेतलं आणि रमिलाचं बोलणं उतरवून मागितलं. उतरवून झाल्यावर त्या म्हणाल्या, "सगळं लागतंय की हो, सर. एक शब्द अस्पष्ट नाही." त्या बोलण्यासोबत माझी चूक लिहून मी वर पाठवली. उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या जूनमध्ये नाही, पण त्यापुढच्या वर्षी बारकीला शाळेत घालायचं वय होईल. मी विचारत राहणार आहे.

मग पाड्यावर गेलो. खळ्यात झोडणी होऊन गेली होती, पेंड्यांच्या उडव्या मोकळ्या झाल्या होत्या. रमिला सुपाने भात पाखडत होती. भुसा वाऱ्यावर एका बाजूला जात होता, दाणे सुपात परत येत होते, आणि या वेळी मी कोणालाही थांबायला सांगितलं नाही. बारकी पेंढ्यात लोळत होती. सोमादादा ओटीवर बसले होते, खांद्यावर टॉवेल. त्यांनी मला ओळखलं आणि टॉवेलावर थाप मारून दाखवली. "आज घुंगरू नाय आनलं?"

वाटेत मी वाक्यं जुळवली होती. त्यात 'त्रुटी' होती, 'दिलगिरी' होती. ती सगळी तोंडातच राहिली. मी दादांच्या शेजारी बसून मोठ्या आवाजात विचारलं, "दादा, त्या दिवशी सूनबाई शाळेबद्दल बोलल्या होत्या. तुम्ही ऐकलं होतं?"

"आयकलं ना. मागंच तर बसली व्हती."

सूप चालूच होतं.

"सायब, आमची रीत अशी का, सून पोराशी बोलली का मंग मी सांगायचं, आमच्या घरातलं म्हननं असं हाय. त्या दिशी पन सांगनारच व्हतो. थांबलो व्हतो त्याच्यासाठी. पन तुमचं मशीन माझ्याच खांद्याला. मी म्हनलं, तिचं बोलनं त्यात गेलंच. परत काय सांगायचं? नि तुम्हीच म्हनला व्हता, एका टायमाला एकच." त्यांनी टॉवेलाचं टोक चाचपलं. "मंग शाळा गेली. मी म्हनलं, मशीननं आयकून पन तसंच ठरवलं असंल. मोठ्या लोकांचं काम."

सूप थांबलं.

रमिलाने सूप खाली ठेवलं. सासऱ्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. हातावरचा भुसा झाडला. मग म्हणाली, "बारके, हिकडं ये." बारकी पेंढ्यातून उठून आली. मांडीवर मावण्याएवढी ती आता लहान राहिली नव्हती, पाय जमिनीवर आले. रमिलाने तिच्या केसांतल्या काड्या एकेक करून काढल्या.

"विचार गो त्या काकाला," ती म्हणाली, "आईचं बोलनं मशीनात गेलं व्हतं का?"

ओटीवर सोमादादा कान पुढे करून बसले. बारकीने माझ्याकडे पाहिलं. तिला हे काम नवीन होतं, इतकी वर्षं त्या घरात तिला ते मिळालंच नव्हतं. तरी तिने ते बरोबर केलं.

"काका, गेलं व्हतं का?"

मी ओटीवरून उतरलो आणि तिच्यासमोर खळ्यात बसलो.

"बारके, आईला सांग. आजालाही सांग, मोठ्याने सांग, त्यांना कमी ऐकू येतं. मशीनमध्ये गेलं होतं. सगळं गेलं होतं. तुझी आई बोलली ते बरोबर बोलली, आणि आजाने काही टाकून दिलं नाही. काकाने ते इथे बसून ऐकलं होतं. मशीनमध्ये आहे, हेही काकाला सांगितलं होतं. आणि काका म्हणाला, लिहू नका. ताईची शाळा काकामुळे सुटली. आईला सांग, काका माफी मागतोय."